याकूब पेंटरची घागरवाली

याकूब पेंटर एका ट्यूबचा मालक शोधत होता.

ट्यूब हरवलेली नव्हती हो! त्याच्याच खिशात होती. रंगाची, नवी कोरी, आणि तिच्यावर इंग्रजीत छापलेलं, 'स्किन कलर'. म्हणजे माणसाच्या अंगाचा रंग. याकूबचं म्हणणं एवढंच होतं, की अंगाचा रंग, हौ, कबूल. पण कुणाच्या अंगाचा?

"ये किसकी चमडी है, पाटीलभाई? नाव सांगा, पत्ता सांगा, मी नेऊन देतो त्याची त्याला."

पाटीलभाई म्हणजे मी. शहागंजात माझं फोटो फ्रेमिंगचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून त्याचं 'याकूब आर्ट्स'. मूळचा मी वैजापूरकडचा. शेती भावाच्या गळ्यात टाकून काच कापायला तेव्हाच्या औरंगाबादेत आलो. स्वभाव माझा जरा तापट आहे. बायको म्हणते जरा नाही, लई. असू दे. या याकूबच्या शेजारी इतकी वर्षं काढली आणि अजून डोकं ठिकाणावर आहे, हेच पुष्कळ झालं.

तर ती ट्यूब घेऊन हा बाबा अख्ख्या शहागंजात फिरला. चहावाल्याच्या हाताला लावून बघितली. पोस्टमनच्या मानेला लावून बघितली. बोहरी दुकानदार गोरापान माणूस, त्याला वाटलं आपला नंबर नक्की लागणार, तोही नापास. मग हा एस. टी. स्टँडवर गेला. वेरूळ-अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे तिथं बसची वाट बघत बसलेले असायचे. त्यातल्या एका साहेबाचं मनगट यानं धरलं आणि वर ट्यूबमधला ठिपका लावला. साहेब उन्हानं गाजरासारखा लाल झालेला. त्याची मेमसाहेब हसत हसत बाही वर करून पुढं आली, तर तिच्या हातावर सगळे तांबडे ठिपके. "इसकू तो ऊपर से छींटे मारने पडते," असं म्हणून याकूबनं तिला अदबीनं सलाम केला आणि परत आला.

शेवटी मालक सापडला. खेळण्यांच्या दुकानात दोरीला टांगलेली प्लास्टिकची बाहुली! रंग तंतोतंत जुळला. याकूब ती बाहुली घेऊन थेट भाऊसाहेबांच्या घरी गेला, कारण ती ट्यूब त्यांनीच मुद्दाम पुण्याहून मागवून दिली होती, आणि म्हणाला, "साहेब, मालकीण मिळाली. हिचं नाव मतदारयादीत घाला."

भाऊसाहेब म्हणजे निवृत्त नायब तहसीलदार आणि आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक वाक्य अर्ज फेटाळल्यासारखं बोलायचा. त्या वर्षी मंडळानं वाचनालयाचा नवा हॉल बांधला होता आणि मुक्तिदिनाला, सतरा सप्टेंबरला, तिथं एक भलंमोठं चित्र लावायचं ठरलं होतं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, आपण भारतात आलो, त्याची आठवण म्हणून. वर तिरंगा आणि खाली रांगेत उभी असलेली या देशाची माणसं. नाव भाऊसाहेबांनीच ठरवलं होतं, 'झेंड्याखाली सगळे'. चित्र याकूबचं, फ्रेम माझी.

आणि मॉडेल कोण? तर आमची गल्ली! याकूबनं जाहीरच करून टाकलं, "कॅलेंडरवरची माणसं मी काढणार नाय. जी दिसतात ती काढणार." झालं! गल्लीत लग्नघराचा दंगा सुरू झाला. ज्याला त्याला देशाचा नागरिक म्हणून उभं राहायचं होतं. न्हाव्यानं स्वतःचीच दाढी दोनदा केली. कापूस दलालानं नवीन फेटा आणला. माझी बायको सुमन, जी माझ्यासोबत फोटो काढायला वीस सबबी सांगते, ती ठेवणीतली पैठणी नेसून याकूबच्या स्टुलावर बसून आली.

याकूबची कामाची रीत उलटी. सगळ्या चित्रात तो चेहरा शेवटी रंगवायचा. आधी फेटे, टोप्या, साड्या, लुंग्या, चपला, सगळं पूर्ण करायचा आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं ठेवायचा. मग एकेकाला बोलवायचा आणि ओरडायचा, "बाही वर!" तुमचा कोपरापासूनचा हात उजेडात धरायचा, आणि त्यावरच, हो, तुमच्या कातडीवरच, रंगाचे ठिपके लावून जुळवत बसायचा. ठिपका दिसेनासा झाला की रंग जमला. दिवसभर अख्खी गल्ली हातावर ठिपके घेऊन हिंडत होती. लोकांना वाटलं गोवराची साथ आलीय.

आणि त्या रंगात तो काय काय घालायचा! तपकिरी, पिवळा इथवर समजू शकतो. पण एक दिवस माझ्या रंगात त्यानं ब्रशच्या टोकानं हिरवा घातला.

मी उडालोच. "ए, हिरवा कशाला? माझ्या अंगात हिरवा कुठं आहे?"

"सबके है, पाटीलभाई. हिरवा घातला नाय तर माणूस भाजल्यासारखा दिसतो."

ही बातमी गल्लीभर पसरली. भाऊसाहेब स्वतः चौकशीला आले. चेहरा गंभीर. "याकूब, माझ्यात हिरवा किती घातला आहेस?"

"तुमच्यात जरा जास्त लागला, साहेब. तुम्हाला पित्त आहे."

भाऊसाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तेवढ्यात मशिदीशेजारचे हाजीसाहेब खांदे हलवून हसायला लागले. याकूब त्यांच्याकडं वळला. "हाजीसाब, हसू नका. तुमच्यात मूठभर भगवा गेलाय." हाजीसाहेबांचं हसू जाग्यावर थांबलं. मग दोघं म्हातारे एकमेकांच्या हाताकडं बघत उभे राहिले, आणि मी खुर्चीवरून पडेस्तोवर हसलो.

त्याचं आणखी एक पालुपद होतं, "ओल्यात बोलू नका." ओला रंग एक दिसतो, वाळल्यावर दुसरा दिसतो, म्हणून रंग वाळेपर्यंत मत द्यायचं नाही. इथवर ठीक. पण हा माणूस ते सगळीकडं लावायचा. नवरा-बायको भांडून दुकानापुढनं चालले, "ओल्यात बोलू नका." मुंबईत सरकार पडलं, "वाळू द्या." माझ्या साल्यानं हुंडा घ्यायचा नाही असं ठरवलं, मी कौतुकानं सांगायला गेलो, तर म्हणतो, "वाळू द्या, पाटीलभाई." आणि मेल्याचं खरं ठरलं!

आता त्याच्या दिसण्याबद्दल सांगतो, कारण पुढं सगळं त्याच्यावरच आहे. याकूब उंच, काळाकुळकुळीत, केस दाट कुरळे, ओठ जाड. जातीचा सिद्दी. त्याच्या पणजोबांना कुण्या जमान्यात आफ्रिकेतल्या हबशी देशातून निजामाच्या घोडदळात आणलं होतं. पुढच्या पिढ्या इथंच जन्मल्या, इथंच मातीत गेल्या. पण ते कोण ऐकतो? दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं, की पाटी कितीला पडेल हे विचारायच्या आधी विचारायचं, "तुम्ही कुठले?"

"शहागंजचा."

"तसं नाही, मूळचे कुठले?"

"मूळचा बी शहागंजचा. तुम्ही?"

गिऱ्हाईक बीडचं नाहीतर नगरचं निघायचं. मग याकूब डोळे मोठे करून म्हणायचा, "अरे बाप रे, इतक्या लांबून आलात? पाणी घ्या." आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, हा आपला विनोद करतो. कारण आम्हाला ठाऊक होतं तेवढं असं, की तो तरुणपणी हैदराबादेहून आला, तिथं मावशीनं वाढवला, एका उस्तादाच्या हाताखाली पाट्या रंगवायला शिकला. बायको नाही, पोरं नाहीत. घरी कुणाचा फोटोदेखील नाही. ज्यानं गावभर लोकांच्या आई-बापाचे चेहरे रंगवले, त्याच्या भिंतीवर नुसती ब्रश पुसल्याचे फटकारे.

आणि क्रिकेट! वेस्ट इंडिजची टीम आपल्याकडं खेळायला आली, की गल्लीतली टारगट मंडळी त्याला हटकायची, "याकूबमिया, आज तुमच्या पाहुण्यांची बॅटिंग!" एकदा त्यांनी आपल्याला धुऊन काढलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अभिनंदन, तुमचे जिंकले." याकूबनं स्वतःचा रेडिओ उचलला आणि गटारीत फेकून दिला. आपण त्यांना हरवून कप आणला तेव्हा या माणसानं अख्ख्या शहागंजाला जिलेबी खाऊ घातली. इतकी, की मला दोन दिवस पोटदुखी. त्याच दिवशी एक जण जिलेबी खाता खाता म्हणाला, "वाईट नाही ना वाटलं तुम्हाला?" मी त्या माणसाच्या अंगावर धावून गेलो होतो. याकूबनंच मला मागं ओढलं.

तर चित्र. चेहरे भरायला लागले आणि तक्रारी सुरू झाल्या. न्हावी म्हणाला, मी एवढा काळा नाही. दलाल म्हणाला, पोरीचं लग्न जमवायचंय, तिला जरा उजळ कर. सुमन घरी येऊन आरशापुढं उभी राहिली. "अहो, खरं सांगा, मी एवढी सावळी आहे?" आता या प्रश्नाला कुठल्या नवऱ्यानं खरं उत्तर दिलंय? मी म्हणालो, ओल्यात बोलू नये. ती आठवडाभर डाळीचं पीठ लावून बसली आणि पुन्हा हात दाखवायला गेली. याकूबनं तिचा हात न्याहाळला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "वहिनी, रंग तोच आहे. वास भज्यांचा येतोय."

पण वाळल्यावर लोक गप्प झाले. खरंच सांगतो, काय चित्र झालं होतं! गुळाच्या चहाचा रंग, शेंगदाण्याच्या टरफलाचा रंग, ओल्या मातीचा रंग, हाजीसाहेबांचा लिंबाच्या सालीसारखा पिवळट रंग. एकासारखा दुसरा नाही आणि सगळे आमचेच. मी फ्रेमवाला माणूस, देवादिकांचे हजारो फोटो काचेत बसवलेत. पण ते चित्र बघून माझा ऊर भरून आला. मी याकूबला तसं तोंडावर सांगितलं. तो लाजून दुसरीकडं बघायला लागला.

आणि मग त्यानं शेवटची बाई रंगवली.

रांगेच्या अगदी कडेला, उजव्या हाताला. हिरवं लुगडं, कमरेवर तांब्याची घागर, आणि याकूबसारखाच काळा, रुंद नाकाचा, कुरळ्या केसांचा चेहरा. तोंड मिटलेलं, नजर सरळ समोर. ही मात्र गल्लीतली कुणी नव्हती. स्टुलावर कुणी बसलं नव्हतं, कुणाच्या हाताला ठिपका लागला नव्हता. मनानंच काढली होती.

भाऊसाहेब बघायला आले. सगळं ठीक, ठीक करत कडेपर्यंत पोचले आणि थबकले.

"ही कोण?"

"इथलीच आहे."

"ही आफ्रिकन बाई वाटते."

"इथलीच आहे, साहेब."

"याकूब, हे राष्ट्राचं चित्र आहे. उद्या कलेक्टर येतील, विचारतील, परदेशी बाई झेंड्याखाली कशाला? काय सांगू?"

"सांगा, पाणी भरायला चाललीय."

"घागर काखेत घेतली म्हणून कुणी भारतीय होत नाही!"

याकूबनं ब्रश खाली ठेवला. मला वाटलं आता भडकणार. पण तो इतकंच म्हणाला, "बाकी कुणाला बी पुसून टाका. हिला पुसणार नाय." आणि आत जाऊन टर्पेंटाइननं हात धूत बसला.

मी त्याच्या मागं गेलो. "अरे, कोण आहे ती? सांगून टाक ना! ओळखीची असेल तर मी भांडतो भाऊसाहेबांशी." तो हात चोळत राहिला. "इथलीच," एवढंच म्हणाला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मर जा!

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब माझ्याकडं आले. आवाज हळू केला. "पाटील, वाद नको वाढायला. तुम्ही फ्रेमची पट्टी जरा रुंद लावा. वीतभर. ती बाई पट्टीखाली जाईल. चित्र पुसायला नको, कुणाचं मन दुखवायला नको."

युक्ती नामी होती, कबूल करतो. आमच्या धंद्यात पट्टीखाली काय काय जातं ते आम्हालाच ठाऊक. जावयाशी वाजलं की जावई पट्टीखाली, भाऊ वेगळे निघाले की भाऊ पट्टीखाली. मी किती माणसं अशी झाकलीत. पण याकूबचं माणूस? मी तिन्हीसांजेला त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं हात जोडेल, म्हणेल, पाटीलभाई, असं करू नका. मग मी म्हणणार होतो, तू काळजी करू नको, मी आहे. सगळी तयारी केली होती मी मनात! तर हा म्हणतो, "तुमचं काम तुमच्याकडं. मी माझं केलं."

असला राग आला, सांगतो! म्हणजे मी झाकणारा आहे असं याला वाटतं? रागारागात मी बोटाएवढी बारीक पट्टी लावली. एवढी बारीक, की एवढ्या मोठ्या चित्राला शोभेना. भाऊसाहेबांना सांगितलं, रुंद पट्टी अख्ख्या औरंगाबादेत शिल्लक नाही, जालन्याला माणूस पाठवलाय, तिथंही नाही. भाऊसाहेब माझ्याकडं नुसतं बघत राहिले. तहसीलदार कचेरीत आयुष्य गेलेला माणूस, थाप कळणार नाही होय?

सतरा सप्टेंबर उजाडला. झेंडावंदन झालं, पोरांची गाणी झाली, हॉल खच्चून भरला. जो तो नवे कपडे घालून स्वतःला भिंतीवर बघायला आलेला. चित्रावर पांढरा पडदा होता. आणि पडद्याच्या उजव्या कडेपुढं, नेमकं घागरवालीच्या समोर, भाऊसाहेबांनी पुरुषभर उंचीचा लाउडस्पीकर उभा करून ठेवला होता! मी दात-ओठ खाल्ले. याकूब सगळ्यात मागं दाराला टेकून उभा होता. त्याची नजर त्या स्पीकरवर होती. तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. हा माणूस चिडलेला नव्हता. तो घाबरलेला होता.

कलेक्टर काही आले नाहीत. उद्घाटनाला बोलावलं होतं अनसाबाईंना. रझाकारांच्या दिवसांत याच शहागंजात राहून त्यांनी भूमिगत पोरांना भाकऱ्या पोचवल्या होत्या. पुढं त्या लेकीकडं वैजापूरला राहायला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. जुन्या गल्लीतलं असं त्यांच्याशिवाय आता कुणी उरलंच नव्हतं. जीपमधून उतरल्या तेव्हा काठी टेकत होत्या, पण जीभ मात्र खणखणीत. हार गळ्यात पडला तसा काढून पोराच्या हातात दिला. "फुलांचा वास सोसत नाय मला. कुठंय ते चित्र?"

दोरी ओढली. पडदा पडला. टाळ्या, शिट्ट्या, "तो मी! तो मी!" असा नुसता कल्ला! अनसाबाई एकेक चेहरा बघत काठी टेकत पुढं निघाल्या. पोचल्या कडेला.

"हे खोकं कशाला मधी घातलंय? मागं कुणीतरी उभं हाय."

"मावशी, तिथं विशेष काही नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"नाय कसं? घागर दिसतीय मला. बाजूला घ्या ते."

आता प्रमुख पाहुण्यांना नाही कोण म्हणणार? मी आणि न्हाव्यानं झटकन तो स्पीकर उचलला. अनसाबाई बघत राहिल्या. काठी हातातून सुटायची राहिली.

"अगं बया! जैनब! ही मेली इथं काय करतीय?"

भाऊसाहेब पुढं झाले. "मावशी, तुम्ही ओळखता? ही बाई... आपल्याकडची आहे?"

"आपल्याकडची?" अनसाबाई कडाडल्या. "अरे, या गल्लीच्या सरकारी नळावर रोज सकाळी माझ्या उरावर बसायची ही! लई भांडखोर बाई! माझी घागर लाथाडून स्वतःची लावायची. एकदा मी हिच्या झिंज्या धरल्या, हिनं माझ्या धरल्या, नळ वाहून गेला तरी सोडलं नाय. आपल्याकडची का म्हणं! परदेशी बाई येऊन नळावर अशी भांडंल व्हय?"

आधी हाजीसाहेब हसले. मग जो हशा उसळला म्हणता! भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि त्यांच्याकडं फेटाळायला काही उरलं नाही.

"पर आजारी पडली तेव्हा मीच जायची बघायला," अनसाबाई जरा हळू बोलल्या. "पोलीस ॲक्शनच्या नंतरचं साल. हिच्या मालकाची घोड्यावरली नोकरी गेली, तो पोटामागं गेला तो आलाच नाय. लोक म्हणायचे, तुमच्या देशाला जा. ही म्हणायची, कोणता? नळ सोडून जाणार नाय मी. गेली बिचारी. एक पोरगं होतं तिचं, किरकिरं, सदा पदराला धरून. मावशीनं नेलं त्याला हैदराबादेला. आता कुठं असंल कोण जाणे."

सगळ्यांची तोंडं एकदम दाराकडं वळली. माझंही वळलं. याकूब गर्दीतून वाट काढत पुढं आला. हा एवढा उंच माणूस, पण त्या क्षणाला लहान दिसला.

"मैं इच वो किरकिरा, मावशी."

म्हातारीनं त्याला खाली वाकायला लावलं, कानशिलं चाचपली आणि मग भर सभेत त्याच्या पाठीत धपाटा घातला. "इतकी वर्षं हिथं हायस आणि बोलला नायस?"

हेच माझ्याही डोक्यात होतं. चहापान झालं, हॉल रिकामा झाला, तशी मी त्याला धरलं. माझा आवाज चढलेलाच होता. "मला सांगायला काय धाड भरली होती? 'माझी आई आहे' एवढं म्हणाला असतास तर भाऊसाहेबांनीच तिला मधोमध ठेवली असती!"

"हौ ना," याकूब म्हणाला. "म्हणून तर नाय बोललो. मग ती माझी आई म्हणून राहिली असती. तुमची मेहेरबानी. मला ती गल्लीतली म्हणून राहायला पाहिजे होती, बाकीच्यांसारखी."

भाऊसाहेब तिथंच खुर्च्या लावत होते, त्यांनीही ऐकलं. त्यांच्या हातातली खुर्ची खाली ठेवायचं राहून गेलं.

अनसाबाई चित्रासमोर बसून होत्या. याकूब त्यांच्या पायाशी उकिडवा बसला. "मावशी, नाक बरोबर आलंय का? मी लई लहान होतो. फोटो नाय. नाक मी माझंच घातलं."

"नाक बरोबर हाय. पर हिचं तोंड का मिटवून टाकलंस? जैनब कधी गप बसली? भांडता भांडता फसकन हसायची बघ, मग माझा बी राग जायचा."

याकूब चित्राकडं बघत राहिला. "ती हसलेली मला आठवत नाय. खाटेवर पडलेली तेवढी आठवते."

"मग चढ वर," म्हातारी म्हणाली. "मला आठवतीय. मी सांगते."

मी पळत जाऊन त्याचे रंग आणले. भाऊसाहेबांनी कुणाला न विचारता स्टूल आणलं आणि याकूब वर चढल्यावर दोन्ही हातांनी ते धरून उभे राहिले. खालून अनसाबाईंचं सुरू झालं. "ओठ उघड. अजून. वरले दात दिसू दे, एक जरा वाकडा होता, डाव्या अंगाला. हां. डोळे बारीक कर, हसताना मिटायचे तिचे. आता गालाला खळगा..." याकूबचा ब्रश म्हातारीच्या जिभेमागं धावत होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती कडेची गंभीर बाई हसायला लागली. मी इतका खूश झालो, की टाळीच वाजवली.

"ही आली बघ जैनब!" अनसाबाई म्हणाल्या.

याकूब खाली उतरला नाही. आमच्याकडं पाठ करून, ब्रश तसाच हातात धरून त्यानं विचारलं, "मावशी, ती मला काय म्हणून हाक मारायची?"

"तुला? राजा म्हणायची की. 'मेरा राजा भुका है, मेरेकू पहले भरने दो', हेच तर रोज ओरडायची नळावर. तेवढ्यासाठी तर समदं भांडण."

याकूब वळला नाही. त्याच्या पायाखालचं स्टूल हलायला लागलं. भाऊसाहेबांनी ते अजून घट्ट धरलं.